यंदाच्या शिव्या कोण देणार

गिरगाव, चौपाटीचा कोळीवाडा
२० ऑक्टोबर १८९४

तुळसा आत्या,

तुझ्या पायांवर डोके ठेवते. तीन वर्षांत एकही पत्र न पाठवता आज एकदम लिहिते आहे, तेव्हा काहीतरी मागायलाच लिहिते आहे, हे तुझ्या लगेच ध्यानात येईल. ते खरे आहे. मला शिव्या हव्या आहेत.

हे वाक्य मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले. (धोंडू मास्तर, आत्या राहते त्या करंज्याच्या शाळेत आपण मास्तर आहात आणि तिची पत्रे आपणच वाचता व लिहिता, असे उरणला ये-जा करणाऱ्या मचव्यावरचा तांडेल सांगत होता. आपल्याला नमस्कार. मी वाईट वळणाची मुलगी नाही. पुढचे वाचल्यावर आपली खात्री होईल.)

तुफानाचा दिवस महिन्यावर आला. कार्तिक वद्य पंचमी यंदा १८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. दहा वर्षे होतील. त्या दिवशी आपल्यात काय करतात हे तुला सांगायला नको. पण मास्तर घाटावरचे आहेत, त्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते.

त्या तुफानात आमच्या वाडीच्या दोन होड्या आणि नऊ माणसे गेली. त्यांत माझा बा, हरेश्वर, होता. तेव्हापासून त्या तिथीला वाडीत मासळी विकत नाहीत, होडी पाण्यात घालत नाहीत, संध्याकाळपर्यंत चूल पेटवत नाहीत. आणि भरतीच्या वेळी, ज्या ज्या घरचा माणूस गेला त्या घरातली एकेक बाई पाण्यात उभी राहून समुद्राला शिव्या देते. भरतीलाच द्यायच्या, कारण ओहोटीला तो घरी नसतो. पुरुष मागे पाठ करून उभे राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच्याच अंगावर जायचे असते, तेव्हा आम्ही काही ऐकले नाही असे त्यांना सांगता यायला हवे. नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देतो, कार्तिकात शिव्या देतो, दोन्ही मनापासून. गेल्या वर्षीची शिवी यंदा चालत नाही. आणि ज्या घरातून कोणी बोलले नाही, त्या घराने आपला माणूस समुद्राला सोडून दिला, असे वाडी धरते.

आपल्या घरातून सात वर्षे तू बोललीस. तुझे ऐकायला माझगावाहून बायका यायच्या. तू गेल्यावर दोन वर्षे आई बोलली. ती वाईट बोलत नाही, पण तिला सुचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात लाट परत जाते.

यंदा आईचा घसा गेला आहे. गणपतीपासून खोकते, आणि रुमालाला लाल डाग पडतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीन महिने आवाज काढायचा नाही असे सांगितले. आईने ते ऐकून डॉक्टरांनाच इतके बोलून घेतले, की त्यांचे म्हणणे तिथल्या तिथे खरे ठरले. आता ती हातांनी बोलते. हातांनी तिने सांगितले आहे, की पंचमीला मीच पाण्यात उतरणार. जगनदादाची बायको बाळंतपणाला वरळीला गेली आहे. मग घरात बाई म्हणून उरले कोण, तर मी.

आणि आत्या, मला शिव्या येत नाहीत. शाळेत गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका बाकाला ‘मेल्या’ म्हणाले होते. हेडबाई सुभद्राबाईंनी मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. तेव्हापासून जीभ साफ आहे. येत्या १ डिसेंबरपासून त्याच शाळेत बिगरीच्या वर्गावर मला नेमणार आहेत. आपल्या वाडीतली मुलगी शाळेत शिकवायला उभी राहिली असे अजून झालेले नाही. पण सुभद्राबाईंनी बजावले आहे, की ज्या दिवशी शिक्षिकेच्या तोंडून वाईट शब्द जाईल त्या दिवशी ती शिक्षिका राहणार नाही. त्या दर रविवारी संध्याकाळी यजमानांबरोबर चौपाटीवर हवा खायला येतात. आणि त्या रविवारी भरती चारच्या सुमारास आहे.

म्हणून पाचसहा शिव्या पाठव. नव्या असाव्यात, समुद्राला लागाव्यात, पण वीस पावलांवरून एखाद्या सभ्य बाईने ऐकल्या तर तिला त्या कळू नयेत. शक्यतो कोणाच्या आईचा उल्लेख नसावा.

शेवटी ‘आई सुखरूप आहे’ असे लिहिणार होते, पण ते खोटे झाले असते.

तुझी भाची
गुणवंती

—

गिरगाव
२ नोव्हेंबर १८९४

आत्या,

तुझे उत्तर पोचले. मास्तरांचे अक्षर फार सुरेख आहे. मी ते पाहून माझा ‘ळ’ सुधारणार आहे. पण मास्तरांनी शिव्या लिहिलेल्या नाहीत.

पत्रात सात ठिकाणी नुसती टिंबे आहेत. एका ठिकाणी लिहिले आहे, ‘यापुढे बाई समुद्राच्या बहिणीविषयी बोलल्या, ते लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.’ दुसऱ्या ठिकाणी, ‘येथे बाईंनी हातवारे केले.’ आणि मी अगदीच रिकाम्या हाताने राहू नये म्हणून मास्तरांनी स्वतःची एक घातली आहे: ‘हे जलधे, तू निर्दय आहेस.’ (मास्तर, मी कृतघ्न नाही. पण ही आमच्या समुद्राला समजणार नाही.) ती मी आईला वाचून दाखवली. आई आवाज न करता इतकी हसली, की तिची पाठ शेकावी लागली.

टिंबे भरायला मी जगनदादाकडे गेले. त्याने कागद हातात घेतला, वाचता येत नसताना बराच वेळ पाहिला, आणि कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, “बहिणीला कशा सांगू गो?” मग होडीला डांबर लावायचे आहे म्हणून निघून गेला. होडीला डांबर परवाच लावले होते.

तेव्हा मी कुशाबा पाटलांना विचारायला गेले, की कागदावर लिहून कागद पाण्यात सोडला तर चालेल का. पाटलांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. विडी संपेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, “त्याला वाचता आलं असतं, तर सरकारनं किनाऱ्यावर इतक्या पाट्या लावल्यात, एखादी वाचून तो मागं सरला नसता?” आई आजारी आहे म्हणून घराला सूट मिळेल का, हेही विचारले. ते म्हणाले, तोंड बंद ते बंद. समुद्र काही दवाखान्याची चिठ्ठी मागत नाही.

राहिली जसिंता. मागच्या वाडीतली, माझ्याच वयाची. तिचा काका गॅब्रिएल बाच्याच होडीत होता. आज त्यांच्यात मेलेल्यांचा दिवस, म्हणून ती चर्चमधून काळ्या कपड्यांत थेट आमच्याकडे आली. मी माझी अडचण सांगितली. ती म्हणाली, तिला सगळ्या येतात, आणि क्रमाने येतात, कारण दर शनिवारी पाद्र्यासमोर एकेक कबूल करावी लागते. तीन तिने मला दिल्या. त्या मी पाठ केल्या आहेत, पण अजून ओठांबाहेर निघत नाहीत. पहिली रांजणात तोंड घालून म्हणून पाहिली. रांजणाने ती इतक्या मोठ्याने परत दिली, की मी घाबरून झाकण घातले.

मंगळवारी तर अनर्थ झाला. सध्या मी बिगरीच्या वर्गात मदतीला जाते, तिथे पाट्या वाटताना मी मनात सराव करत होते, तो मनात राहिला नाही. एका लहान मुलीने जाऊन सुभद्राबाईंना सांगितले, की बाई मला ‘मुडद्या’ म्हणाल्या. बाईंनी मला बोलावून विचारले, काय चालले होते? मी म्हणाले, सराव. कशाचा? मोठ्याने बोलण्याचा. हे निम्मेच खरे होते, म्हणून त्या दिवशी मी निम्मेच जेवले. बाईंनी हजेरीपट मिटला. म्हणाल्या, १९ तारखेला सोमवारी शाळेची तपासणी आहे, तोपर्यंत तोंड सांभाळ.

मास्तरांना समजावून पाहा. नाहीतर दुसऱ्या कोणाकडून लिहून पाठव, ज्याची भीड गेली आहे अशाकडून.

गुणवंती

—

गिरगाव
११ नोव्हेंबर १८९४

आत्या,

तुझे दुसरे पत्र आले. यात टिंबे नाहीत. तू म्हणतेस, ‘शिव्या हव्यात तर तुझ्या आईनं तोंडानं मागाव्यात. माझ्या भावाला त्या दिवशी घराबाहेर तिनं काढला. मी ते चार माणसांत बोलले म्हणून मला हाकलली. आता गरज लागली तर पोरीला पुढं केली.’

आईला ते पत्र वाचून दाखवायचे नाही असे मी ठरवले होते. पण तिने हातांनीच विचारले, पत्र आले का, आणि मला खोटे बोलता येत नाही. तिने ते तीनदा वाचायला लावले. मग हाताने करंज्याची दिशा दाखवली, मग स्वतःचे कपाळ, मग केरसुणी. मी तुला एवढेच कळवते, की आईनेही उत्तर दिले आहे.

आत्या, तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू समुद्राला बोलून झाल्यावर पाण्यातच मागे वळलीस आणि आईला म्हणालीस, ‘आणि ही. हिनं पाठवला.’ मी तिथेच तुझे कोरडे लुगडे हातात घेऊन उभी होते. घरी येऊन आईने तुझे गाठोडे दारात ठेवले. मी तेव्हाही गप्प राहिले.

आता जे लिहिणार आहे ते मी कोणालाही सांगितलेले नाही. (मास्तर, हा भाग हळू वाचा. किंवा वाचू नका. नाही, वाचा.)

त्या दुपारी वारा पडला होता आणि वरळीच्या बाजूला आभाळ शिसासारखे झाले होते. बा म्हणाला होता, आज नाही जात. तो जाळे सोडून वाळूत आडवाही झाला होता. मी आठ वर्षांची होते. मला नुकतेच शाळेत घातले होते आणि सगळ्या मुलींकडे पाटी होती, माझ्याकडे खापराचा तुकडा होता. मी रडायला लागले. सोमवारी पाटी नसली तर बाई मला उभे करतील, असे म्हणाले. ते खरे नव्हते. बाई असे काही म्हणाल्याच नव्हत्या. बा उठून बसला, माझे नाक पुसले आणि म्हणाला, एक फेरी मारून येतो, मग पाटी आणू. मी लगेच रडायची थांबले. ते मला फार आठवते, की मी किती लगेच थांबले.

म्हणून आईने त्याला पाठवले नाही. मी पाठवला. सुभद्राबाईंना वाटते माझी जीभ त्यांच्या मिठाच्या पाण्याने सुधारली. तसे नाही. त्या दुपारपासून काही मागायला किंवा खोटे सांगायला तोंड उघडले, की मला भीती वाटते.

पंचमीला मी पाण्यात उतरणार आहे. जसिंताच्या तीन आहेत. त्यातली एकच जरी निघाली, तरी घर गप्प राहिले असे होणार नाही, आणि आईला आवाज काढावा लागणार नाही. नोकरीचे मग जे व्हायचे ते होईल. राजीनामा लिहून ठेवला आहे, म्हणजे तेव्हा घाईत अक्षर बिघडणार नाही.

गुणवंती

—

गिरगाव
१९ नोव्हेंबर १८९४, सोमवार, शाळा सुटल्यावर

आत्या,

काल काय झाले ते सविस्तर लिहिते. मास्तरांनी पाणी पिऊन घ्यावे.

साडेतीनला सगळे वाळूवर जमलो. बग्ग्या लागल्या होत्या, आणि गेल्या वर्षी टाळ्या वाजवणारे दोन पागोटेवाले यंदा आणखी दोघांना घेऊन आले होते. पाटलांनी त्यांना जाऊन सांगितले, की हा तमाशा नाही, आमचे सुतक आहे. ते ओशाळून जरा लांब गेले आणि तिथून ऐकू लागले. पुरुषांनी पाठी केल्या. पहिली गॅब्रिएलची बायको ओल्गा उतरली. तिने अर्ध्या पोर्तुगीज भाषेत सुरुवात केली, अर्ध्या आपल्या भाषेत संपवली, आभाळाकडे बघून छातीवर क्रूस काढला आणि जाता जाता आणखी एक दिली. मग बाकीची घरे झाली. मग आपले.

मी पाण्यात उतरले. आई गळ्याला ओला पंचा गुंडाळून माझ्या मागे, हाताच्या अंतरावर होती. मी अडखळले तर ती तोंड उघडणार, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होते. मागे किनाऱ्यावर पाहिले तर काळी छत्री, छत्रीखाली सुभद्राबाई, शेजारी यजमान. वीस पावलेसुद्धा नव्हती.

जसिंताच्या तिन्ही गेल्या. मास्तरांची सुद्धा आठवली नाही. मागे आईने श्वास घेतल्याचे ऐकले आणि मी घाबरून तोंड उघडले. निघाले ते हे:

“उभा राहा.”

मागच्या बाकावरच्या मुलीला म्हणतात तसे. समुद्र अर्थातच राहिला नाही, त्याने माझे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजवले. तेव्हा मला खरोखर राग आला.

“तुलाच सांगते. इकडं बघ. दहा वर्षं या बाया तुला एकच गोष्ट विचारतायत आणि तू नुसता डोलतोस. नऊ माणसं नेलीस, ती कुठं ठेवलीस? हरवली म्हणू नकोस. हरवली म्हणणाऱ्या पोरी मी रोज बघते.”

मागे कोणीतरी हसले आणि कोणीतरी त्याला गप्प केले. मला थांबता येईना.

“पाटी मी मागितली होती. माझ्या रडण्यापायी उठला तो. मी तिथंच वाळूत बसले होते ना? मग मला न्यायचं होतंस. त्याला का नेलंस?”

आणि त्यामागून एक शिवी आली. जसिंताच्या यादीतली नाही, तुझी नाही, आईची नाही. कुठून आली ते मला ठाऊक नाही. पूर्ण, ठळक आणि मोठ्याने आली. ती इथे लिहीत नाही. एवढे सांगते, की पागोटेवाले बग्गीत जाऊन बसले.

लाट परत गेली. मग माझ्या मागून आईचा आवाज आला. दोन महिन्यांनी.

“पाटी?” ती म्हणाली. “गो, तुझ्या पाटीसाठी कोण जातोय?”

मी मागे वळले. आईचा चेहरा रागावलेला होता. ती म्हणाली, बाला तिने सांगितले होते, की बायकांसारखा दिवसभर वाळूत लोळतोस, शेजारच्यांच्या होड्या बघ. म्हणून तो गेला. नवरा तिचा, तिने पाठवला. दहा वर्षे ते ती पोटात घेऊन आहे, आणि कालची पोरगी येऊन म्हणते, मी!

हे ऐकून जगनदादा वळला. पुरुषांनी वळायचे नसते, पण तो वळला. म्हणाला, दोघी गप्प बसा. आदल्या दिवशी जाळ्याची नवी दोरी त्याने पाण्यात घालवली होती आणि बा ती शोधायला गेला होता. ते बाने त्याला एकट्यालाच सांगितले होते. ओल्गा म्हणाली, कसली दोरी. गॅब्रिएलला तिने जबरदस्तीने धाडला, आणि गॅब्रिएल एकटा जाऊ शकत नाही म्हणून हरेश्वर त्याच्याबरोबर गेला, हे अख्ख्या जगाला माहीत आहे. शेवटी कुशाबा पाटील वळले. डोळ्यांत पाणी आणि आवाजात भांडण. “तुम्ही सगळे वेडे. मी त्याला म्हटलं, आज जाऊ नको. हरेश्वरानं माझं कधी ऐकलंय? मी जा म्हटलं असतं तर बसला असता घरी.”

आत्या, मग पाण्यात उभे राहूनच भांडण जुंपले. कोणी माघार घेईना. आई म्हणते मी, दादा म्हणतो मी, ओल्गा दोघांना ढकलून म्हणते मी. दुसऱ्या होडीच्या घरच्या बायकाही आपापल्या माणसाला कोणी धाडले ते सांगू लागल्या, आणि प्रत्येक घरात निदान तिघे निघाले. मी म्हणाले, पण मी रडले होते. तर आई माझ्या अंगावर ओरडली, “रडलीस तर रडलीस! पोरं रडतात. तुझा बा असा पोरांच्या रडण्यावर उठणारा असता, तर दिवसातनं चारदा उठला असता.” एवढे बोलून तिने माझे नाक पदराने जोरात पुसले. समुद्राकडे कोणाचे लक्षच नव्हते. भरती उतरायला लागली तेव्हा पाटलांना भान आले. ते म्हणाले, आपले घर गप्प राहिले असे काही म्हणता येणार नाही.

घरी आल्यावर चूल पेटवली. आईच्या रुमालाला थोडा डाग होता. आज जगनदादाने तिला दवाखान्यात नेले, डॉक्टर फार रागावले. तिने मान खाली घालून ऐकून घेतले, म्हणून मला जास्तच काळजी वाटते.

आता शाळेचे. आज तपासणी झाली. मुली गेल्यावर मी राजीनामा सुभद्राबाईंच्या मेजावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि घडी करून दौतीखाली सारला.

“तुझा शेवटचा शब्द अशोभनीय होता,” बाई म्हणाल्या.

मी म्हणाले, होय.

“बाकीचं व्यवस्थित होतं. आवाज छत्रीपर्यंत पोचत होता.” मग खिडकीतून बाहेर पाहत त्या म्हणाल्या, “तिसरीचा वर्ग कोणाला आवरत नाही. पहिल्या तारखेपासून बिगरी नको, तिसरी घे.”

मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. “आमचे यजमान कालपासून त्या शब्दाचा अर्थ विचारतायत. तुला भेटले तर सांगू नकोस.”

आत्या, आता आईचा निरोप. आज सकाळी मी शाळेला निघताना तिने मला थांबवले. म्हणाली, तुळसाने मला बोल लावला म्हणून मी तिला हाकलली. पण ती स्वतःला कशाचा बोल लावते, ते तिला कधी विचारले नाही.

मला आता आठवते, की त्या दुपारी तूही घरातच होतीस. बा होडी ढकलत होता तेव्हा तू दारात येऊन त्याला काहीतरी ओरडून सांगितलेस. त्याने मागे पाहिले, हसला आणि हात केला. मी दोघांच्या मध्ये होते, पण पाटीच्या नादात मला ऐकू आले नाही.

आमचे सगळ्यांचे सांगून झाले आहे. आई विचारते, तू त्याला काय आणायला सांगितले होतेस? मास्तरांना त्रास देऊ नकोस. इथे येऊन सांग. उरणहून मचवा गुरुवारी सकाळी सुटतो.

गुणवंती